आकड्याआधी लाट बघ

ब्राह्मणपारा, रायपूर

चि. छकुलीस,


आयसीयूत तुझी ड्यूटी सुरू झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. आर्ट लाइनच्या, म्हणजे धमनीतल्या नळीने दाब दाखवणाऱ्या, मॉनिटरवर ‘फिल्टर 12 हर्ट्झ’ लिहिलेलं असतं, ते काय, असं तू विचारलंस म्हणे. माझी सगळी नोकरी पेशंटच्या खाटेशेजारी गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

आजीचा तंबोरा आठवतो ना? घोडीवरचा जवारीचा दोरा काढला की सूर तोच राहतो, पण वरचे स्वर विरतात आणि झंकार जातो. नाडीच्या लाटेतही असे वरचे स्वर असतात. मिनिटाला 120 ठोके म्हणजे सेकंदाला 2. त्या लाटेचा आकार नीट उमटायला साधारण दहापट, 20 हर्ट्झपर्यंतचा भाग लागतो. फिल्टर 12 वर असला की वरचं बरंचसं गळतं, टोक बोथट होतं, सिस्टोलिक कमी दिसू शकतं. काही मॉनिटरांत 40 चा पर्याय असतो. त्यावर लाट पुरती उमटते, पण नळीची थरथरही तिच्यासोबत येते.

एका रात्री आमच्या पेशंटचं सिस्टोलिक मॉनिटरवर 180 आणि दंडाच्या कफवर 140. टोक सुईसारखं. कुणीतरी फिल्टर 40 वरून 12 वर आणला, आकडा उतरला, सगळे निवांत. मला ते पटेना. नळीत जोराने सलाइन सोडणारा फ्लश ओढून सोडला, तर रेषा चार-पाच वेळा हिंदकळली. एक-दोन हेलकाव्यांत ती थांबायला हवी. जादा जोडलेली लांब नळी आणि नको असलेला थ्री-वे काढला, फिल्टर पुन्हा 40 वर नेला. टोक आटोक्यात राहिलं. दोष नळीत होता, फिल्टरने तो फक्त झाकला होता.

उलटंही होतं. नळीत हवेचा बुडबुडा किंवा गुठळी असली की लाट सपाट होते आणि फ्लशनंतर एकही हेलकावा येत नाही. तिथे सेटिंग बदलून काही साधत नाही, बुडबुडाच शोधावा लागतो. या दोन्ही गडबडींत मीन, म्हणजे सरासरी दाब, फारसा हलत नाही, म्हणून औषधाचा वेग ठरवताना मला त्याचाच भरवसा वाटत आला.

ओटीतून पेशंट आला आणि सिस्टोलिक अचानक बदललं, तर घाबरण्याआधी दोन्हीकडचा फिल्टर किती होता ते विचार. आणि उद्या ड्यूटी घेताना झीरो केल्यावर एकदा फ्लश करून बघ, हेलकावे मोज, मगच चार्टवर आकडा लिही.

तुझी,
मावशी