मापाची वही

कृष्णाकाठी एक पेठ होती. पेठेत एक किराणा दुकानदार होता आणि त्याच्या समोरच एका शिंप्याचं दुकान होतं. दोघे एकाच शाळेत शिकलेले. दुपारचा चहा दोघे मिळून घेत.

शिंप्याकडे एक जाड वही होती. तिच्यात गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली असत. तरीही ओळखीचं माणूस आलं की तो टेप काढी. "माप वहीत आहे की," असं कुणी म्हटलं तर म्हणे, "ते गेल्या वर्षीचं. तुम्ही या वर्षीचे आहात."

पेठेतले एक निवृत्त गुरुजी त्याच्याकडेच सदरे शिवत. दर चैत्रात ते येत. "मे महिन्यात सगळ्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय, तोवर दे रे बाबा," एवढं सांगून जात.

एका रविवारी पेठेतल्या मंगल कार्यालयात एक विक्रेता आला. त्याने पन्नास-साठ घरांना जेवणाचं आमंत्रण दिलं. जेवण फुकट, वर प्रत्येक घराला एक भिंतीवरचं घड्याळ. दुकानदार बायकामुलांसह गेला. शिंपीही गेला.

जेवणं झाली आणि विक्रेता उठला.

"महाबळेश्वरला आमचं मोठं रिसॉर्ट आहे," तो म्हणाला. "तिथल्या दोन खोल्या वर्षातले सात दिवस तुमच्या. एक वर्ष नाही, पंचवीस वर्षं! याला टाइमशेअर म्हणतात. एकदाच तीन लाख रुपये भरायचे. वर्षाला पडले किती? फक्त बारा हजार. भाडं भरलं की पैसे गेले. इथे मात्र तुम्ही मालक."

शिंप्याने विचारलं, "तीन लाख भरले की पुढे काहीच द्यायचं नाही?"

"देखभालीचा थोडा खर्च. सध्या वर्षाला बारा हजार."

"सध्या?"

"दर वर्षी हजारभर वाढेल. महागाई वाढतेच ना!"

"आणि एखाद्या वर्षी जाणं झालं नाही तर?"

"अहो, न जाऊन कसं चालेल? जायलाच पाहिजे!" विक्रेता हसला. सगळे हसले. शिंप्याचा प्रश्न त्या हसण्यात विरून गेला.

मग विक्रेत्याने आवाज खाली आणला. "आज सही करणाऱ्याला दिवाळीचा आणि मे महिन्याचा हंगाम मिळेल, त्याच किमतीत. उद्या हाच हंगाम चार लाखांना."

दुकानदाराने बायकोकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. सही केली. दुसऱ्या दिवशी त्याने बँकेतली ठेव मोडली.

शिंपी म्हणाला, "मी उद्या सांगतो."

"उद्या हा भाव मिळणार नाही."

"मग राहू दे. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

घड्याळ काखेत मारून शिंपी घरी आला. रात्री त्याने वही उघडली, एक कोरं पान काढलं आणि बायकोला म्हणाला, "बस. आज आपलंच माप घेऊ."

"गेल्या दहा वर्षांत आपण फिरायला किती वेळा गेलो?" त्याने विचारलं.

बायकोने बोटं मोजली. "सहा वेळा. एका वर्षी छप्पर गळत होतं. एका वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन वर्षं मुलाची दहावी आणि बारावी."

"कधी गेलो?"

"पितृपक्षात. त्या पंधरवड्यात नवे कपडे शिवायला कोण टाकतंय?"

खरंच होतं. जूनमध्ये शाळांचे गणवेश. दिवाळीआधी रात्रीचा दिवस. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. शिंप्याला मोकळे असे तेवढेच दिवस.

"किती रात्री राहिलो?"

"तीनच्या वर कधीच नाही."

"एकाच गावी दोनदा गेलो?"

"एकदाही नाही."

शिंप्याने सगळं लिहून घेतलं. सहा वेळा. पितृपक्ष. तीन रात्री. गाव दर वेळी नवं.

बायको म्हणाली, "आता माझं ऐका. तीन लाख जमवून बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याजच एकवीस हजार. त्यांना दिले तर ते बुडालं. वर देखभालीचे बारा. झाले तेहेतीस हजार. पितृपक्षात चांगली खोली दोन हजारांत मिळते. तीन रात्रींचे सहा हजार. तेहेतीस हजारांत आपल्या किती सहली होतील?"

"पाच," शिंपी म्हणाला. त्याने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी बायकोने एक पत्र्याचा डबा धुऊन पुसून फळीवर ठेवला. त्यात दर महिन्याला एक हजार रुपये पडू लागले.

वर्षं जात राहिली.

पहिल्या मे महिन्यात दुकानदार महाबळेश्वरला गेला. पण मे म्हणजे घराघरात वर्षाचं धान्य आणि मसाला भरायचे दिवस. त्याचा जीव दुकानात अडकलेला. मुलं घोड्यावर बसली, तो फोनवर बसला. पाच रात्री झाल्या आणि तो सगळ्यांना घेऊन परत आला.

दुसऱ्या वर्षी त्याने दिवाळीचा विचार केला. पण दिवाळीत किराणा दुकान कोण बंद ठेवतं? मग माघात थोडी सवड झाली. त्याने फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "चार महिने आधी कळवायला हवं होतं. आता जागा नाही." आणि दुकानदाराला तर पुढच्या आठवड्याची सवडसुद्धा आधी कळत नसे.

तिसऱ्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. चौथ्या वर्षी पुतण्याचं नवं लग्न झालेलं, त्यालाच पाठवलं. पाचव्या वर्षी पुन्हा स्वतः गेला, सहा रात्री राहिला. सहाव्या वर्षी मुलं म्हणाली, "परत तिथेच? आम्हाला समुद्र बघायचाय." सातव्या वर्षी तारखा कळवायचंच राहून गेलं.

देखभालीच्या खर्चाचं पत्र मात्र एकदाही राहिलं नाही. बारा हजार, तेरा हजार, चौदा हजार असं ते दर वर्षी न चुकता येत राहिलं.

शिंपी पितृपक्षाची वाट पाही. एका वर्षी डब्यातल्या पैशांत कास पठारावरची फुलं पाहून झाली. एका वर्षी पन्हाळा. एका वर्षी गणपतीपुळे. एकदा डबा चांगला भरला, तेव्हा सगळे गोव्याला गेले. एका वर्षी मशीन बिघडलं आणि डबा त्यातच रिकामा झाला. त्या वर्षी कुठे जाणं झालं नाही, आणि कुठून पत्रही आलं नाही.

आठव्या वर्षाचं पत्र आलं. एकोणीस हजार. दुकानदाराने ते भरले आणि जुना हिशेब काढून बसला. आधीचे तीन लाख. आठ वर्षांच्या देखभालीचे एक लाख चोवीस हजार. एकूण चार लाख चोवीस हजार. स्वतः राहिला किती? अकरा रात्री. त्याने भागाकार केला. एका रात्रीला अडतीस हजारांच्या वर!

तो कागद विकायला निघाला. विक्रेत्याचा जुना नंबर लागेना. कंपनीने कळवलं, "आम्ही परत घेत नाही." त्याने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. तीन लाखांना विचारायला कुणी आलं नाही. दोन लाखांनाही नाही.

एके दिवशी गुरुजी दुकानात आले. म्हणाले, "कागद जरा वाचायला देता?"

चार दिवस कागद गुरुजींकडे होता. पाचव्या दिवशी ते परत आले. बारीक अक्षरातल्या ओळींखाली लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"चाळीस हजार देतो," गुरुजी म्हणाले. "नाव बदलायचा खर्चही माझा."

दुकानदाराला हुंदका यायचा बाकी राहिला. पण त्याने कागद दिला.

पुढच्या वर्षी संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला आणि गुरुजींनी मे महिन्याच्या तारखा कळवून टाकल्या. मे आला. दोन मुली, दोन जावई, तीन नातवंडं, गुरुजी आणि त्यांची बायको, सगळे महाबळेश्वरला गेले. सातच्या सात दिवस राहिले. पंधरा वर्षं ते दर मे महिन्यात तिथेच जात होते. जिथे आपली नदी उगम पावते तिथलं पाणी नातवंडांच्या डोक्यावर घालायचं, हा त्यांचा नेम होता. आधी दोन खोल्यांच्या भाड्याला सात दिवसांचे पन्नास हजारांच्या वर जात. आता वीस हजारांत भागलं.

गुरुजी हसत परत आले. पुढच्या वर्षीही हसत परत आले.

दुकानदाराला राहवेना. दुपारी चहाच्या वेळी तो शिंप्याला म्हणाला, "गड्या, मला एक कळत नाही. कागद तोच. खोल्या त्याच. गुरुजींना लाभला, मग मला का नाही? आणि तुला तर तो नसूनही चाललं!"

शिंपी काही बोलला नाही. तो उठला. खुंटीवर गुरुजींचा नवा कोट टांगलेला होता. तो काढून त्याने दुकानदाराच्या अंगावर चढवला. बाह्या कोपराच्या खाली जेमतेम पोचल्या. पोटावर गुंड्या लागेनात.

"कापड वाईट आहे?" शिंप्याने विचारलं.

"नाही."

"शिवण उसवलीय?"

"नाही."

"मग?"

दुकानदाराने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच कोट काढून शिंप्याच्या हाती दिला. शिंप्याने तो झटकून पुन्हा खुंटीला लावला.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. त्याच्या हातात रंगीत पत्रकं होती. "शेठ, या रविवारी जेवायला यायचं हं," तो म्हणाला. "नवी योजना आहे. सही त्याच दिवशी केली तर मोठी सूट!"

दुकानदाराने पत्रक घेतलं. घडी घातली. मग शिंप्याकडे वळून म्हणाला, "तुझी ती वही दे जरा. आणि एक कोरं पान काढ."

तात्पर्य : वस्तूची किंमत विचारण्याआधी आपलं माप घ्यावं.