आजारी लेकराच्या उशाशी



लेकरास इस्पितळात ठेवण्याचा प्रसंग आला म्हणजे खेड्यातील आईबापांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला पैशाचा, तो सर्वांस दिसतो. दुसरा तितका उघड नाही, तथापि तो अधिक खोल आहे. ज्यास वैद्यकातील काही कळत नाही, ज्याच्याने दुखणे तिळभरही हलके करवत नाही, अशा मनुष्याने लेकराच्या उशाशी नुसते बसून राहण्याचा उपयोग तो काय? शहाणी माणसेही म्हणतात, “डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत; तुम्ही घरी जाऊन आपले काम पाहा. तुम्हांस पाहून मूल उगाच रडते.” हे म्हणणे कितपत खरे आहे, ह्याचा आपण विचार करू.

हे मत अडाणीपणाचे होते असे कोणी समजू नये. इंग्लंडातील मोठमोठ्या इस्पितळांचा पुष्कळ वर्षे हाच नियम होता. घटसर्प, गोवर इत्यादी रोग बाहेरच्या माणसाबरोबर आत येतील ही भीती खरी होती. त्यात आणखी एक अनुभव असा की, आई भेटून गेली म्हणजे मूल आकांत करी, आणि ती न आली तर दोनचार दिवसांत ते निमूट होई. म्हणून आठवड्यातून एक-दोन तास भेट द्यावी, असा प्रघात पडला. १९४९ च्या सुमारास लंडनच्या एका नामांकित इस्पितळात तर पहिला महिनाभर आईबापांस भेट नसे. लेकरू झोपल्यावर मात्र ते त्यास पाहू शकत. हे करणारे लोक निर्दय नव्हते. मूल निमूट झाले म्हणजे ते रुळले, असे ते प्रामाणिकपणे समजत.

ह्या समजुतीची परीक्षा जेम्स रॉबर्ट्सन नावाच्या गृहस्थाने केली. त्याने अडीच वर्षांच्या आतील एका मुलीचे इस्पितळातील आठ दिवस चित्रपटात टिपले व १९५२ साली ते डॉक्टरांच्या सभेस दाखविले. सोयीचे तेवढेच निवडले असे कोणी म्हणू नये, म्हणून तो ठरलेल्या वेळी चित्रे घेई. पुष्कळ डॉक्टर रागावले. परंतु त्याने अनेक मुलांत जे पाहिले ते असे : मूल प्रथम रडून आईस हाक मारते, मग आशा सोडून खिन्न पडून राहते, आणि शेवटी शांत दिसते, खाते, खेळतेही, परंतु आई आली असता तिच्याकडे पाठ फिरविते. ज्यास लोक रुळणे म्हणत, ते पुष्कळदा हाक मारण्याचे सोडून देणे होते. १९५९ साली इंग्लंडात सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने शिफारस केली की, आईबापांच्या भेटीस वेळेचे बंधन नसावे व लहान मुलाबरोबर आईस राहण्याची सोय असावी.

रोगाच्या भीतीचेही उत्तर मिळाले. न्यूझीलंडात पिकरिल पतिपत्नी फाटलेल्या ओठांच्या बालकांवर शस्त्रक्रिया करीत. त्यांनी १९४२ साली आपल्या लहानशा इस्पितळात प्रत्येक बालकाची शुश्रूषा त्याच्या आईकडेच सोपविली, आणि एका मुलाचा संसर्ग दुसऱ्यास होण्याचे थांबले. कारण अनेक खाटांवरून फिरणाऱ्या हातांपेक्षा एका आईचे हात कमी धोक्याचे ठरले. आपल्या देशातील दिल्लीचे सफदरजंग इस्पितळ धरून पाच देशांतील इस्पितळांत एक प्रयोग झाला. त्याचे फळ २०२१ साली प्रसिद्ध झाले. एक ते पावणेदोन किलोच्या सुमाराच्या नवजात बालकांस जन्मतःच आईच्या उघड्या छातीशी ठेवले व आईस त्याच खोलीत रात्रंदिवस राहू दिले, तेव्हा अठ्ठावीस दिवसांच्या आत शेकडा १२ बालके दगावली. आई उशिरा जवळ आली तेथे शेकडा १५.७. तेव्हा आईचे असणे ही केवळ मायेची बाब नव्हे. ते औषधाच्या जोडीचे आहे.

आपल्याकडे आई पूर्वीपासून खाटेखाली सतरंजी टाकून राहत आली आहे. परंतु ह्याचा अभिमान जपून धरावा. पुष्कळ ठिकाणी नर्सबाई थोड्या, म्हणून पाणी पाजण्यास व अंग पुसण्यास कोणी तरी हवे, एवढ्याचसाठी तिला राहू दिले आहे. आणि जेथे नवीन यंत्रे आली, तेथे कित्येक ठिकाणी आईस ठरलेल्या वेळीच आत घेतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लेकरू आईस पाहून रडते हे खरे. परंतु ज्याच्याजवळ रडता येते असे मनुष्य भेटल्यामुळे ते रडते. ते रडणे विश्वासाचे आहे, आणि ते ऐकून घेणे हेच उशाशी बसणाऱ्याचे काम होय. आपण बरे करू शकत नाही म्हणून आपण निरुपयोगी, हा हिशेब चुकीचा आहे. याईराच्या घरी प्रभूने रडारड करणाऱ्या लोकांस बाहेर घालविले. परंतु मुलीच्या बापास व आईस बरोबर आत नेले. त्यांच्या हातून तेथे काही होणार होते म्हणून नव्हे. ती मुलगी त्यांची होती म्हणून.

ह्याबरोबर दुसरे एक कर्तव्य येते, ते सत्याचे. “सुई टोचणार नाहीत” असे सांगून सुई टोचू देणे, किंवा लेकरू झोपले असता चोरून निघून जाणे, ही दयेची खोटी रूपे आहेत. जाणे भाग असेल तर सांगून जावे, केव्हा येऊ ते सांगावे, आणि त्या वेळी यावे. ते रडेल, तथापि पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विसंबेल.

परंतु कोणी विचारील, ज्या आईचा रोज बुडाला तर चूल पेटत नाही, जिची आणखी तीन लेकरे घरी आहेत, तिने काय करावे? उसाच्या तोडीवर गेलेल्या बापाने काय करावे? त्यांस “तुम्ही राहिला नाहीत” असा बोल लावणे हा अन्याय आहे. जे एकट्याच्याने होत नाही, त्याचा भार एकट्यावर टाकू नये. येथे मंडळीचे काम सुरू होते. एका घराने मागे राहिलेल्या लेकरांस भाकरी घालावी. दुसऱ्याने शेळ्या व कोंबड्या पाहाव्या. बुडालेल्या रोजासाठी चार घरांनी मूठमूठ धान्य द्यावे. बापाने एक रात्र बसावे म्हणजे आईस पाठ टेकता येईल. लेकराच्या ओळखीच्या आत्याने किंवा मावशीने दुसरी रात्र घ्यावी. उपदेशक बंधूंनी इस्पितळात भेटीस जाताना प्रार्थनेबरोबर डबा न्यावा, आणि डॉक्टरसाहेबांस नम्रतेने विचारावे की, आईस जवळ कितपत राहू देता येईल. काही खोल्यांत मनाई करण्यास खरे कारण असते. ते ऐकून मानावे. कारण नसून केवळ वहिवाट असेल, तर पुन्हा विचारण्यात उद्धटपणा नाही.

पुढच्या वेळी आपल्या गावातील एखादे लेकरू तालुक्याच्या इस्पितळात गेल्याचे ऐकाल, तेव्हा “कसे आहे?” एवढेच विचारून थांबू नका. “त्याच्याजवळ कोण आहे?” हेही विचारा, आणि कोणी नसेल, तर त्याच्या आईस तेथे राहता यावे म्हणून तिच्या घरचे कोणते काम आपण आज उचलू, ते ठरवा.