आजीला नव्हता, मग नातवाला दमा का?



गेल्या रविवारी मिस्सामध्ये धूप दिला जात असताना आमच्या एका लहान वेदीसेवकाला खोकल्याची उबळ आली. त्याच्या आईने पदराआडून इनहेलर काढला, चोरीची वस्तू असावी तसा. नंतर ती म्हणाली, "फादर, आमच्या सासूबाईंचे आयुष्य गोठ्यात गेले, त्यांना साधी शिंक नाही. मग ह्यालाच का? आमचे काय चुकले?"

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे म्हणून विचारले होते. प्रभूने उत्तर दिले, त्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही.

अमेरिकेत आमिश आणि हटराईट हे दोन ख्रिस्ती शेतकरी समाज आहेत. मूळ युरोपातले, रक्ताने बरेच जवळचे. आमिश घोड्यांनी नांगरतात, त्यांचा गोठा घराला लागून; हटराईट यंत्रांनी मोठी शेती करतात, मुले गोठ्यापासून दूर. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची तुलना आहे. आमिश मुलांमध्ये दमा सुमारे चार पटींनी कमी! त्यांच्या घरांतील धुळीत सूक्ष्म जीवांचे अंश अधिक होते. लहानपणी अशा जीवांशी ओळख झाली की शरीर निरुपद्रवी परागकणांनाही शत्रू समजत नाही, असे शास्त्रज्ञ मानतात. (म्हणून दम्याच्या मुलाला आज गोठ्यात नेऊन बसवू नका!)

आपल्या वसईत वाड्या गेल्या, इमारती आल्या. मातीची सोबत सुटली आणि बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर तेवढा वाट्याला आला. सूक्ष्म धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाची 40. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लिहिले आहे की दूषित हवेचा त्रास विशेषतः गरिबांना भोगावा लागतो.

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आम्ही आमचेही सांगतो. चर्चच्या आवारातली चिंच तोडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायला संमती आम्हीच दिली. गाड्या लावायला सोय झाली, तेव्हा सर्वांनी कौतुकही केले.

येत्या रविवारपासून नऊच्या मिस्सामध्ये धूप असणार नाही. आवारातला पालापाचोळा जाळला जाणार नाही, मागच्या बाजूला खड्डा खणला आहे. आणि त्या आईला आमची विनंती आहे, इनहेलर पदराआड लपवू नकोस. वेदीसेवकांच्या कपाटात आम्ही त्याच्यासाठी एक खण मोकळा करून ठेवला आहे.