दुसरा गट

शेलूहून लोकलने परळचे टाटा रुग्णालय गाठता येते. पण बाई बहुधा निघते ती दुखणे बळावल्यावर. वास्तविक गर्भाशयमुखाचा कर्करोग आधी हेरता येतो. १९९८ पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एकाला दहावी शिकलेल्या बायकांनी नुसते व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून तपासले. दुसऱ्याला तपासले नाही. पहिल्यात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. दुसऱ्याला वंचित ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. मला मात्र निराळेच बोचते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. म्हणजे जवळजवळ सारा देशच दुसऱ्या गटात! तेव्हा निदान काही शिकायचे होते. आता शेलूच्या बाईला ताटकळत ठेवून आपण काय शिकतो आहोत?