मुळावरचं बाळ आणि बापाची छाती

शंका : आमचं बाळ ३२व्या आठवड्यातच झालं, सीझर करून. वजन १ किलो ६०० ग्रॅम. तिसऱ्या रात्री त्याचा श्वास अचानक थांबला आणि ओठ निळे पडले. सिस्टरांनी तळपायाला टिचक्या मारल्या तेव्हा ते पुन्हा श्वास घेऊ लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आईला अजून बसवत नाही, तर वडिलांनी बाळाला उघड्या छातीवर धरायचं. त्याच वेळी घरून फोन आला की नक्षत्र मूळ आहे, पहिला चरण. शांती होईपर्यंत बापाने मुलाचं तोंड पाहायचं नाही. मी तरी बाळाला धरलं आणि रोज धरतो आहे. माझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. मी पाप केलं का? – एक बाप, कराड

समाधान : नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण असं पत्र लिहिणाऱ्याला उत्तरासाठी चार परिच्छेद ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

आता बाळाला काय झालं ते समजून घ्या, म्हणजे घरीही सांगता येईल. श्वास घे, असा हुकूम मेंदूतून सुटतो. कमी दिवसांच्या बाळात मेंदूतलं ते केंद्र अजून कच्चं असतं आणि मधूनच हुकूम द्यायचा राहतो. वीस सेकंदांहून जास्त श्वास थांबला की डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. तळपाय चोळला, टिचकी मारली की बाळ दचकतं आणि श्वास घेतं. औषध म्हणून कॅफिन देतात; आपल्या चहा-कॉफीत असतं तेच. कधी जंतुसंसर्गानेही असं होतं, म्हणून रक्त तपासतात. दिवस भरत आले की बहुतेक बाळांत हा प्रकार आपोआप थांबतो. त्या रात्री चंद्र कुठल्या नक्षत्रात होता याच्याशी त्याचा संबंध नाही. बाळ आठ आठवडे आधी आलं, एवढाच संबंध.

छातीवर धरणं हाही लाड नव्हे, उपचारच आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्याकडे कमी वजनाची बाळं फार आणि काचेच्या पेट्या थोड्या, अशी अवस्था होती. त्यांनी बाळांना आयांच्या छातीशी उभं धरून बांधायला सुरुवात केली. त्याला आता आपल्याकडच्या सिस्टरही ‘कांगारू’ म्हणतात. बाळाच्या अंगावर फक्त टोपी आणि लंगोट, मान एका बाजूला वळवलेली, वरून कापडाची झोळी. माणसाच्या अंगाची ऊब सारखी राहते, बाळाचा श्वास आणि ठोके स्थिर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, एक किलो ते सुमारे पावणेदोन किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं धरलं गेलं. आधी पेटीत ठेवून तब्येत सावरल्यावर छातीशी घेतलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू शंभरात जवळजवळ सोळा होते, ते इथे बारावर आले. तुमचं बाळ याच वजनाचं आहे. आई उठू शकत नसेल तेव्हा ही छाती बापाची असते. ती मागे घेणं मात्र पापाच्या जवळ गेलं असतं.

आता शास्त्र. तुमच्या घरच्यांनी काही मनचं काढलेलं नाही. मुळाचा पहिला चरण बापाला, दुसरा आईला, तिसरा धनाला वाईट आणि चौथा शुभ, असं ज्योतिषात सांगतात. पण ग्रंथ उघडायचाच तर पूर्ण उघडावा. ज्येष्ठेचा शेवट आणि मुळाचा आरंभ यांच्यामधल्या घटकांना ‘अभुक्तमूळ’ म्हणतात. त्यावर जन्मलेल्या मुलाचा त्याग करावा, नाहीतर बापाने आठ वर्षं त्याचं तोंड पाहू नये, इथपर्यंत जुनी वचनं आहेत. तुलसीदास अशाच मुळावर जन्मले म्हणून टाकले गेले, अशी आख्यायिका उत्तरेत सांगतात. आज कुठलाही कर्मठ माणूस आठ वर्षांचा नियम पाळत नाही, पाळायला सांगतही नाही. म्हणजे वचनांतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरवतच आलो आहोत. मग ठरवताना बाळाचा श्वास का मोजू नये?

शिवाय साधा हिशेब करा. नक्षत्रं सत्तावीस. शंभर मुलं जन्मली तर त्यातली तीन-चार मुळावरच असणार. तुमच्या रुग्णालयात, तुमच्या शाळेत, तुमच्या कचेरीत मुळावरची माणसं आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे बाप पेन्शन घेत आहेत.

शांती करायची असेल तर करा, मी आड येणार नाही. पण घाई नको. बारावा दिवस साधला नाही तर नक्षत्र पुन्हा येईल त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या एखाद्या चांगल्या दिवशी करावी, ही सोय आपल्या धर्मग्रंथांतच आहे. बाळ घरी येऊन अडीच किलोचं होऊ द्या. शांतीतल्या गोप्रसवाच्या विधीत बाळाला सुपात घालून गायीच्या तोंडाशी नेतात. तुमच्या बाळाला गोठ्याकडे नेऊ नका आणि होमाच्या धुरात बसवू नका. गुरुजींना आधी सांगितलंत तर समजूतदार गुरुजी मार्ग काढतात. न काढणारे भेटले तर गुरुजी बदला.

राहिली आई. तुम्ही लिहिता की ती बोलत नाही, आणि तुम्हाला वाटत असेल की ती नातवावर रागावली आहे. मला तसं वाटत नाही. पहिला चरण बापाला वाईट असतो, आणि हा बाप म्हणजे तिचा मुलगा. ती नातवाला टाळत नाही, स्वतःच्या लेकराला वाचवू पाहते आहे. तुम्ही काचेपलीकडच्या बाळासाठी जसे रात्रभर बाकावर बसलात, तशीच ती कराडला घरी बसली आहे. तिला ग्रंथ दाखवू नका. भेटीच्या वेळी रुग्णालयात आणा, हात धुवायला लावा आणि तुमच्या छातीवर झोपलेलं बाळ दाखवा. शेजारच्या मॉनिटरवरचा आकडा सिस्टरांना तिला समजावून सांगू द्या.

शंका : सातव्या महिन्यात बाळंत झाले. मला दूध नीट उतरलं नाही. बाळाचं पोट फुगलं, डॉक्टरांनी वरचं दूध बंद करून दूधपेढीतलं आईचं दूध सुरू केलं. सासूबाईंचं म्हणणं, कुणाचं दूध, कुठल्या घरातलं, कुठल्या जातीचं, काही माहीत नसताना पोटात घालायचं का? मलाही मनातून थोडं चुकल्यासारखं वाटतं. – एक वाचक, मुलुंड

समाधान : सासूबाईंच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. चरकाने शारीरस्थानात धात्री, म्हणजे दूध पाजणारी बाई कशी निवडावी ते सविस्तर सांगितलं आहे, आणि त्यात ती समान वर्णाची असावी असंही म्हटलं आहे. ते वचन लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच यादीत ती निरोगी असावी, तिचं स्वतःचं मूल जिवंत असावं, स्वच्छ राहणारी असावी, दूध भरपूर आणि निर्दोष असावं, असंही आहे. दुधाची परीक्षा कशी करावी तेही आहे. यादीतल्या ज्या गोष्टी बाळाला तारतात त्या दूधपेढी आजही पाळते. जातीची अट तिने सोडली, आणि ठीकच केलं.

ही पेढी काम कशी करते ते सासूबाईंना सांगा. दूध देणारी बहुतेकदा त्याच रुग्णालयातली दुसरी बाळंतीण असते, जिचं स्वतःचं बाळ पिऊन दूध उरतं. तिची एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवतात, लगेच थंड करतात, जंतू उरले नाहीत ना याची प्रयोगशाळेत खात्री करतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. मोबदला कुणालाच मिळत नाही. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ साली तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कमी दिवसांच्या बाळाची आतडी नाजूक असतात. डब्याच्या दुधावर ती सुजून सडण्याचा जो भयंकर आजार होतो, तो आईच्या दुधावर, मग ते दुसऱ्या आईचं का असेना, बराच कमी होतो. पोट फुगल्यावर डॉक्टर घाबरले ते त्यामुळे.

आणि जन्मदात्या आईखेरीज दुसरीच्या दुधावर वाढलेल्या ज्या बाळाला आपण दर गोकुळाष्टमीला पाळण्यात घालतो, त्याच्याबाबतीत ही शंका कुणी काढलेली मी ऐकली नाही. (मुस्लिम वाचकांसाठी : तुमच्याकडे दुधाचं नातं पुढे लग्नसंबंधाला आड येतं, म्हणून दूध कुणाचं याला वेगळा अर्थ आहे. तो प्रश्न आपल्या जाणत्या मौलानांना आणि पेढीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.)

तुम्हाला मनातून जे चुकल्यासारखं वाटतं, ते जातीचं नाही. ते ‘मला जमलं नाही’ याचं आहे. बाळ सात महिन्यांचं आलं की आईचं दूध उशिरा उतरतं, हे सिस्टर रोज पाहतात. दर दोन-तीन तासांनी काढत राहा, रात्रीही. दोन थेंब आले तरी ते नळीतून बाळाला देतात.

शंका : नात काचेच्या पेटीत आहे. मी कुलदेवतेचा अंगारा आणि काळा दोरा पाठवला, सुनेने तो आत नेलाच नाही. देवाचा अपमान झाला असं माझ्या मनाने घेतलं आहे. – एक आजी, बार्शी

समाधान : आजी, महाभारतात एक खोली आहे, ती तुम्हाला दाखवतो. उत्तरेचं बाळ, परीक्षित, निश्चेष्ट जन्माला आलं. श्रीकृष्ण त्या बाळंतिणीच्या खोलीत शिरला तेव्हा तिथे काय काय होतं याचं वर्णन आहे : पांढऱ्या माळा, पाण्याने भरलेले कलश, तूप, मोहरी, विस्तव, लखलखती शस्त्रं, म्हणजे दृष्ट-भूतबाधा दूर ठेवायला जे जे लागतं ते सगळं. आणि त्याबरोबर सेवेला म्हाताऱ्या बायका आणि कुशल वैद्य. कृष्णाने ते पाहून समाधान व्यक्त केलं. वैद्यांना बाहेर काढलं नाही, मोहरीही फेकली नाही. पण रक्षेच्या वस्तू खोलीत सभोवार होत्या, बाळाच्या अंगावर चोपडलेल्या नव्हत्या.

तुमची सून तेच करते आहे. इतक्या लहान जिवाला सगळ्यात मोठं भय जंतूंचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली, त्यात जंतुदोष वेळीच ओळखून औषध देण्यावर मोठा भर होता. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. दोरा ओला राहतो, राख डोळ्या-नाकात जाते. म्हणून अंगारा सुनेच्या कपाळी लावा, दोरा देव्हाऱ्यात ठेवा. नात घरी आली की दाराला बांधा. कुलदेवतेला पत्ता ठाऊक असतो.

शंका : बाळ रुग्णालयात असताना सोयर पाळायचं का, देवापुढे दिवा लावावा का? जातकर्मातला मध-तुपाचा थेंब सोन्याने चाटवायचा राहिला, तो आता चाटवावा का? – पुणे

समाधान : आपत्काळी अशौच लगेच फिटतं, असं याज्ञवल्क्यस्मृतीच सांगते, आणि नामस्मरणाला ते कधी नव्हतंच. दिवा लावा.

मध नको. आता नको आणि वर्षाच्या आतही नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध-तूप आणि सोनं गृह्यसूत्रांत आहे हे खरं, पण तिथेच बाळाच्या कानाशी म्हणायचा मंत्रही आहे. तो म्हणा. अंगठी बाहेर काढून, कोपरापर्यंत हात धुऊन.

सर्व वाचकांना : पहिल्या महिन्यात बाळाने दूध ओढणं सोडलं, ते मलूल किंवा थंड पडलं, अंग तापलं, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, झटके आले, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, तर पंचांग, पाचवी, बारसं, कुणाचंही मत, काहीही पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन लावा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते. पत्र आम्हाला नंतर लिहा.