एकच नट, प्रत्येकाचा वेगळा

'दशावतार' या चित्रपटात दिलीप प्रभावळकर वयाच्या 81व्या वर्षी दशावतारी नट बाबुली मेस्त्री झाले आणि सप्टेंबर 2025मध्ये आजी, आई, नातू एकाच रांगेत बसून तो पाहू लागले. अशा वेळी 'तीन पिढ्यांचा लाडका' हे बिरुद आपण चटकन लावून मोकळे होतो. त्यामागे एक समजूत असते, की आवडही सातबाऱ्यावरच्या नावासारखी बापाकडून मुलाकडे चढत जाते. ही समजूत मला खरी वाटत नाही. त्या रांगेतल्या तिघांना आवडतो तो नट एक असला, तरी माणसे तीन आहेत. 1970च्या दशकातला चिमणराव मुंबई-पुण्याच्या घरांचा. मुंबई दूरदर्शन तेव्हा कोकणातल्या दोडामार्गापर्यंत पोहोचतच नव्हते. 1991च्या 'चौकट राजा'तला नंदू ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातली कणव वेगळी. 1993च्या 'झपाटलेला'ने एका अख्ख्या बालपिढीला तात्या विंचू दिला, आणि त्या पिढीची भीती तर बहुतांशी रामदास पाध्यांच्या बाहुल्याला चिकटली; त्यातल्या गुंडाचा चेहरा कुणाचा, हे अनेकांना फार नंतर कळले. मालिकेतल्या टिपऱ्यांचे आबा आणखी कुणाचे तरी आजोबा झाले. 2006च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तल्या गांधीजींनी तर मराठी न जाणणाऱ्यांनाही आपलेसे केले. ही माणसे शेजारी उभी केली तर एकाच घरातली वाटणार नाहीत. म्हणजे प्रत्येक पिढीने हा नट नव्याने मिळवला आहे, आधीच्यांकडून तयार घेतलेला नाही.

दोडामार्गात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. 1999मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला, गोव्याला खेटून असलेला हा तालुका. इथला प्रेक्षक धयकाल्यावर, म्हणजे दशावतारी नाटकावर पोसलेला. जत्रा सुरू झाल्या की वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर अशी मंडळे देवळापुढे रात्र जागवतात. लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. आज राजपार्टी करणारा उद्या दुसऱ्याच वेषात येतो, स्त्रीपार्टी पुरुषच करतो, आणि त्यांना तोंडाला रंग लावताना पोरे जवळ बसून बघत असतात. माणूसही ठाऊक आणि सोंगही ठाऊक, तरी पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. 'लोकराजा' म्हणून गाजलेले सुधीर कलिंगण 2022मध्ये गेले तेव्हा जिल्हा हळहळला. पण ते असतानाही जत्रेतला जाणता प्रेक्षक कालच्या टाळ्या आजच्या प्रयोगाच्या खात्यावर जमा करत नसे. असे प्रेम उधार चालत नाही. 'हसवा फसवी'त प्रभावळकरांनी सहा भूमिका केल्या, त्यात एक बाईची आणि एक थकलेल्या जुन्या नटाची. शहरी रंगभूमीला ते नवल वाटले. धयकाल्याच्या प्रेक्षकाला ती ओळखीची रीत वाटावी.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे काय? ते तर बहुतेकदा सोंगाआडूनही स्वतःच दिसतात, आणि तरी 1988च्या 'अशी ही बनवाबनवी'तले संवाद बेर्डे 2004मध्ये गेल्यानंतर जन्मलेली मुले तोंडपाठ म्हणतात. खरे आहे. असे प्रेम संख्येने मोठे आहे, कदाचित उबदारही जास्त. पण ते कशावर आहे ते पाहिले पाहिजे. ते ठरावीक चित्रपटांवर आहे, घराघरांत वारंवार लागणाऱ्या टीव्हीने आणि आता मोबाईलवरच्या तुकड्यांनी जपलेले. सराफांना महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री मिळाली तेव्हा आनंद सर्वांना झाला. पण गप्पा पुन्हा त्याच आठ-दहा चित्रपटांच्या. ओळखीच्या माणसाला पुन्हा भेटण्याचे हे सुख आहे. त्यात उणे काही नाही, फक्त नवी भूमिका पाहायला त्या सुखाला सवड नसते. प्रभावळकरांचे उलटे आहे. त्यांचा लोकांना पाठ झालेला असा चेहराच नाही, म्हणून ऐंशी ओलांडल्यावरही नायकाची भूमिका करताना त्यांना जुन्या स्वतःशी झुंजावे लागले नाही.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. ही दाद नटाला की विषयाला? 'दशावतार'मध्ये खाणीचे सावट आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात लोहखनिजाची खाण आहे. गावाने तिला केलेला विरोध जिल्ह्याला माहीत आहे, आणि जुलै 2021मध्ये तिचा बांध फुटून चिखलपाणी वस्तीत शिरले तेही. अशा ठिकाणी पडद्यावरचा म्हातारा आपल्या रानासाठी उभा राहिला तर टाळ्या पडणारच, नट कुणीही असो. हे मी बरेचसे मान्य करतो. पण 2013च्या 'नारबाची वाडी'तही हाच नट आपली वाडी न सोडणारा कोकणी म्हातारा होता. जमीन तीच, वयही म्हातारपणाचेच, तरी नारबाचा मिश्कील चिवटपणा बाबुलीत औषधालाही सापडत नाही. विषयाने प्रेक्षक खुर्चीपर्यंत येतो. पुढचे नटाला कमवावे लागते, आणि इथे ते जास्तच कठीण, कारण खरा दशावतारी कसा उभा राहतो, हात कसा फेकतो हे समोरच्यांनी लहानपणापासून पाहिलेले. मालवणी मुलखाचा अभिमान म्हणावा, तर तो अशा वेळी सवलत देण्याऐवजी खोड काढायला टपलेला असतो.

म्हणून 'आधी झपाटलेला बघ, मग कळेल हे कोण' असा जो आग्रह आईबाप मुलांना धरतात, त्याची गरज मला दिसत नाही. ज्या पोराने प्रभावळकर पहिल्यांदा पाहिले ते बाबुली म्हणून, त्याचे काहीही कमी पडलेले नाही. तात्या विंचू त्याला पुढेमागे भेटेल, आणि भेटला तरी कदाचित तो या म्हाताऱ्याला त्यात ओळखणारही नाही.