महानायक आणि रात्रपाळी

दूरदर्शनवर 1997 साली ‘शक्तिमान’ ही महानायकाची मालिका सुरू झाली आणि थोड्याच काळात देशभरातल्या आईबापांना एक चमत्कारिक काळजी लागली. शक्तिमान येऊन झेलेल या भरवशावर मुले उंचावरून उड्या घेतात, अशा बातम्या येऊ लागल्या. त्यांतल्या खऱ्या किती आणि रंगवलेल्या किती यावर पुष्कळ वाद झाला. पण शक्तिमानची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांना पडद्यावर येऊन मुलांना ‘असे करू नका’ म्हणून बजावावे लागले. मोठी माणसे मुलांच्या भाबडेपणावर हळहळली. मला मात्र त्या मुलांच्या तर्कात खोट दिसत नाही. त्याला दूरचे दिसते, त्याला उडता येते, मग त्याने का येऊ नये? आणि येणार नसेल तर तो कसला शक्तिमान?

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने 1972 साली हाच तर्क गंभीरपणे मांडला. डबक्यात मूल बुडत असेल आणि आपले फक्त कपडे चिखलात जाणार असतील, तर त्याला बाहेर न काढणे हा गुन्हाच. हे पटते. पण हे माप महानायकाला लावून पाहा. त्याचे कपडेसुद्धा खराब होत नाहीत. जगात क्षणोक्षणी कोणीतरी बुडतच असते, म्हणजे त्याला जेवायला बसण्याचा, झोपण्याचा, आजारी पडण्याचाही हक्क उरत नाही. ताकदीतून कर्तव्य जन्मते असे एकदा मानले, की ताकदवान माणूस जन्मभराचा वेठबिगार होतो.

रक्षण कोणी आणि किती करायचे, हा प्रश्न चित्रकथांपुरता ठेवायचे कारण नाही. पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीत तो रोजच्या जगण्यात आहे. तारापूरला 1969 साली देशातले पहिले अणुवीज केंद्र चालू झाले. पुढे तिथे 540 मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावे उठली. केंद्र आणि बोईसर गाव यांच्या मध्ये एमआयडीसीची औद्योगिक वसाहत, तिथे रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने. उत्तरेला डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून जमीन हादरत राहिली. पश्चिमेला समुद्र. संकटांचे इतके प्रकार इतक्या थोड्या जागेत क्वचितच नांदत असतील.

एमआयडीसीतला एक स्फोट 8 मार्च 2018 च्या रात्री झाला. त्यात तिघे गेले आणि आग शेजारच्या कारखान्यांत पसरली. 11 जानेवारी 2020 ला कोळवड्यात काम अजून पुरते न झालेल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जण गेले. त्यानंतरही हे थांबलेले नाही. प्रत्येक वेळी क्रम ठरलेला. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू जातो, काचा फुटतात, बंब धावतात, जवान धुरात शिरतात, मदत जाहीर होते, चौकशी बसते. वर्तमानपत्रांत जवानांच्या धाडसाची बातमी येते, आणि ती यायलाच हवी. पण जवान धुरात शिरतो तेव्हा खरे रक्षण आधीच फसलेले असते.

खरे रक्षण कुठे होते ते पाहायचे तर पहाटे तीन वाजता रसायन कारखान्यातल्या रिॲक्टरपाशी जावे लागेल. नायट्रेशनसारख्या प्रक्रियेत उष्णता आतूनच सुटते. थंड पाण्याचा प्रवाह अडला, ढवळणी बंद पडली किंवा ॲसिड घाईने सोडले गेले, तर तापमान चढू लागते. जितके चढते तितकी प्रक्रिया वेग घेते आणि वेग घेतला की ते आणखी चढते. एका मर्यादेपलीकडे कोणाच्या हातात काही राहत नाही. त्या मर्यादेच्या अलीकडे काट्यावर डोळे लावून एक ऑपरेटर उभा असतो, बऱ्याचदा ठेकेदाराचा माणूस, कधी सलग दुसरी पाळी ओढणारा. त्याने वेळेवर व्हॉल्व्ह फिरवला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

बोईसरला घड्याळ पाळीवर चालते. पहिली, दुसरी, रात्रपाळी, जनरल. अणुवीज केंद्रासारख्या ठिकाणी नियंत्रण कक्षात एक साधी शिस्त असते: बदलीचा माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो आला की नोंदवही पुढे करायची, कुठला पंप बंद आहे, कुठल्या इशाऱ्याचा दिवा लागून गेला, ते सांगायचे, आणि मग घरी जाऊन झोपायचे. या शिस्तीत मला आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. अखंड रक्षण समाजाला हवेच, पण ते एका माणसाकडून येणे नाही, मग तो कितीही बलवान असो. माणूस फक्त आपली पाळी देणे लागतो. अखंडपणा व्यवस्थेने द्यायचा असतो, आणि व्यवस्थेला पैसे पडतात. इथेच गाडे अडते, कारण महानायक फुकट असतो.

फुकटचा रक्षक असला की धोका निर्माण करणाऱ्याचे फावते. शहरावर इमारती कोसळत असताना महानायक धावून येतो तेव्हा त्या बांधल्या कोणी, परवानगी दिली कोणी, हे कथेत कोणी विचारत नाही. प्रत्यक्षातही तसेच होते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ ही बार्ज भरकटत पालघरजवळ वडराईच्या किनाऱ्याला येऊन रुतली. नौदल आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी तिच्यावरच्या 137 जणांना उचलून आणले. वैमानिकांच्या कौशल्याबद्दल बोलावे तितके थोडे. त्याच वादळात बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या परिसरातली ‘पी-305’ ही बार्ज बुडाली आणि सत्तरच्या वर माणसे गेली. हवामान खात्याचा इशारा काही दिवस आधीपासून होता. मग माणसे समुद्रात का राहिली, हा प्रश्न हेलिकॉप्टरच्या चित्रफितीपुढे फिका पडला.

कायद्याने मात्र या बाबतीत चित्रकथेपेक्षा जास्त शहाणपण दाखवले आहे. वाटसरूने अनोळखी माणसाला वाचवलेच पाहिजे अशी सरसकट सक्ती आपला कायदा करत नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा जाच होऊ नये, इतके संरक्षण 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आले. धोका निर्माण करणाऱ्याला मात्र कायदा तितका सैल सोडत नाही. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातल्या ओलियम गळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली निकाल दिला, की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही आणि जबाबदारी दुसऱ्यावर ढकलताही येणार नाही. नफा ज्याचा, धोका त्याचा. कर्तव्य इथे ताकदीतून आलेले नाही, करणीतून आले आहे.

यावर आक्षेप निघेल. डहाणूच्या भूकंपाची करणी कोणाची? धुंदलवाडी परिसरात 2019 च्या थंडीत लोक घराबाहेर झोपत होते, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू ठोकले होते. तिथे मालक नाही, नफा नाही. मान्य. तिथे राखण करणे शासनाकडे येते, कारण आपण कर आणि मत देऊन तो ठेका त्याला दिला आहे. पण तिथेसुद्धा माणूस वाचतो तो आधी बांधलेल्या मजबूत भिंतीमुळे. ढिगाऱ्यातून त्याला बाहेर काढणारा नंतर येतो. म्हणून घरदुरुस्तीच्या रुक्ष योजनेचे मोल मला तंबूपेक्षा जास्त वाटते.

मग शौर्याला जागा कुठे? 14 ऑगस्ट 1942 ला ‘चले जाव’ आंदोलनातल्या पालघरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांनी जे दिले ते कोणाचे देणे नव्हते, म्हणून तर आपण मान लववतो. शौर्याची उधारी वसूल करायला निघालो की ते शौर्य राहत नाही. आणि त्याच्यावर विसंबलो तर माणसे मरतात. सांडपाण्याच्या बंद टाकीत एक कामगार वायूने कोसळतो, दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो, मग तिसरा. देशभरात असे कितीदा घडले आहे! उतरणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा वादातीत, पण त्या क्षणी शहाणा तोच, जो ‘श्वसनयंत्र आल्याशिवाय कोणी उतरायचे नाही’ म्हणून दारात आडवा होतो. त्याला मित्र भित्रा म्हणतील.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार मांगेला समाजाने तारणहाराची वाट पाहिली नाही. खाड्यांत आणि समुद्रात जाणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली राष्ट्रीय हरित लवादात गेली. तारखा, नमुने, प्रयोगशाळेचे अहवाल, पुन्हा तारखा. सहा वर्षांनी लवादाने कारखाने आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांच्यावर भरपाई बसवली. या कथेवर कोणी चित्रपट काढणार नाही, तिच्यात उडणारे कोणी नाही.

तेव्हा बोईसरच्या प्रत्येक ‘कंपनी’ला विचारायची गोष्ट एवढीच: रात्रपाळीला रिॲक्टरवर किती माणसे असतात, त्यांतला कोण सलग दुसऱ्या पाळीत उभा आहे, आणि तापमान चढताना दिसले तर उत्पादन बुडवून बॅच थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का. कागदावर हा अधिकार बहुतेक ठिकाणी निघेल. थांबवल्यानंतर ठेकेदाराने त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून आत घेतले का, तेही विचारावे.